डॉग शोमध्ये पहिला नंबर आला, आता वागायचं कसं?

वसई : दिवाळी आटोपली आणि हवेत जरा गारवा आला की डॉग शोचा मोसम सुरू होतो. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी रविवारी शो असला की वसई-विरारमधून काही गाड्या अंधारातच निघतात. वर्सोवा पुलावरच्या कोंडीचा भरवसा नाही आणि कुत्र्याला गाडीत ताटकळत ठेवता येत नाही. मागच्या सीटवर पिंजरा, त्यात लॅब्रेडॉर नाहीतर रॉटवायलर. डिकीत पाण्याचा कॅन, टॉवेल, ब्रश आणि लसीकरणाचं कार्ड. मैदानावर पोहोचून तास न् तास वाट बघायची आणि शेवटी परीक्षकासमोर उभं राहायला मिळतात ती जेमतेम दोन-तीन मिनिटं.

त्या दोन-तीन मिनिटांची तयारी कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पट्टा कसा धरायचा, दात कसे दाखवायचे, कुत्र्याला कुठल्या बाजूने पळवायचं, सगळं शिकवणारे आहेत. जिंकल्यावर काय करायचं ते मात्र कोणी शिकवत नाही. वसई, नालासोपारा, विरारमध्ये गेल्या काही वर्षांत जातिवंत कुत्री पाळणारी घरं वाढली, त्यातले अनेक जण शोमध्ये पहिल्यांदाच उतरतात. हरल्यावर गप्प बसायचं एवढं त्यांनाही कळतं. घोटाळा होतो तो जिंकल्यावर.

जिंकणं म्हणजे नेमकं काय

आधी शो चालतो कसा ते बघू. भारतात जातिवंत कुत्र्यांची नोंदणी आणि बहुतेक मोठे शो केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांनी चालतात. या संस्थेचं मूळ १८९६ पर्यंत मागे जातं, मुख्यालय चेन्नईत आहे. प्रत्येक जातीचं एक लेखी वर्णन असतं, त्याला स्टँडर्ड म्हणतात. डोकं कसं असावं, पाठ कशी, चाल कशी, केस कसे, स्वभाव कसा, हे सगळं त्यात असतं. परीक्षक समोरच्या प्रत्येक कुत्र्याची तुलना त्या कागदावरच्या वर्णनाशी करतो आणि त्याच्या सगळ्यांत जवळ जाणाऱ्याला पहिलं उभं करतो.

एकाच जातीतले कुत्रे वयानुसार आणि इतर अटींनुसार वेगवेगळ्या वर्गांत उतरतात. पिल्लांचा वर्ग वेगळा, भारतात जन्मलेल्यांचा वेगळा, सगळ्यांसाठी खुला असा एक वेगळा. त्यातून सर्वोत्तम नर आणि सर्वोत्तम मादी निघते, त्यांना चॅलेंज सर्टिफिकेट मिळतं. मग त्या जातीतला सर्वोत्तम, मग गटातला, आणि संध्याकाळी सगळ्या गटांतले विजेते एकत्र आले की बेस्ट इन शो. काही ठिकाणी पहिल्या आठांपर्यंत क्रमांक काढतात.

म्हणजे हा सगळा मामला एका माणसाच्या, एका दिवसाच्या मताचा आहे. कुस्तीत पाठ टेकली की टेकली, सगळ्या मैदानाला दिसतं. तरी २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला पाठ टेकली की नाही यावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. डॉग शोमध्ये तर पाठ टेकण्यासारखं काहीच नसतं. पुढच्या रविवारी दुसरा परीक्षक येतो आणि हेच कुत्रे उलट्या क्रमाने उभे करतो. दोघांपैकी कोणीही चुकलेला नसतो. एकाने चालीला जास्त महत्त्व दिलेलं असतं, दुसऱ्याने डोक्याच्या ठेवणीला.

वसईकरांना हा प्रकार नवा नाही. नाताळात गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा होतात, गणपतीत आरास स्पर्धा होतात. परीक्षक येतात, बघतात, नंबर देऊन जातात. मागे राहतात ते शेजारी. पहिला नंबर आलेल्या घराने आळीत कसं वागावं हे तिथे सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं, कारण पुढच्या वर्षी बांबू आणि लायटिंग त्याच शेजाऱ्याकडून आणायचं असतं. डॉग शोचं जगही असंच छोटं आहे. एखाद्या जातीची चांगली कुत्री ठेवणारे लोक एकमेकांना नावाने ओळखतात, वर्षभर त्याच रिंगणात भेटतात. आज ज्याच्या कुत्र्याला मागे टाकलं, त्याच्याकडचीच मादी दोन वर्षांनी आपल्या नरासाठी लागणार असते.

रिंगमधली दोन मिनिटं

परीक्षकाने बोट दाखवलं की आनंद होणारच. पण त्या क्षणी शेजारी पाच-सहा कुत्रे ताणलेल्या पट्ट्यावर उभे असतात. सकाळपासूनचा गोंगाट, अनोळखी वास, ऊन, या सगळ्याने ते आधीच अस्वस्थ असतात. जिंकणाऱ्याने उडी मारून आरोळी ठोकली की एखादा बुजरा कुत्रा कायमचा रिंगला घाबरतो. आपल्याकडे काही जिंकलं की बँजो आणि फटाके हवेतच अशी एक समजूत आहे. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेत ते खपून जातं. शंभर-दोनशे कुत्री असलेल्या मैदानात एक सुतळी बॉम्ब काय करेल, हे दिवाळीत घरच्या कुत्र्याला पलंगाखाली शिरताना पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

रीत साधी आहे. विजेत्याने आपल्या जागी उभं राहायचं. बाकीचे येऊन हात मिळवतात, त्या प्रत्येकाचा हात नीट घ्यायचा, नजर फोनकडे न ठेवता. परीक्षक वहीत नोंद करून सही करेपर्यंत हलायचं नाही. रिबन घेताना आभार मानायचे, तेवढंच. ‘सर, माझ्यात काय आवडलं’ अशी गप्पा लावायची नाही, कारण मागे दुसरी जात रिंगच्या तोंडाशी खोळंबलेली असते, आणि हरलेल्यांच्या डोळ्यांसमोर परीक्षकाशी लगट केलेली चांगली दिसत नाही. घरच्या मंडळींनी दोरी ओलांडून सेल्फीसाठी आत यायचं नाही. फोटोची जागा वेगळी असते.

दुसऱ्या क्रमांकाशी बोलणं हे सगळ्यांत आधी. त्यामागे सभ्यता आहेच, पण नियमाचंही एक कारण आहे. चॅलेंज सर्टिफिकेटबरोबर रिझर्व्ह म्हणूनही एक प्रमाणपत्र दिलं जातं. ब्रिटनमधल्या पद्धतीत हे रिझर्व्ह देताना परीक्षक असं मानून सही करतो की, पहिल्याला पुढे काही कारणाने अपात्र ठरवलं तर हा दुसरा त्या मानाला पूर्ण लायक आहे. म्हणजे रिझर्व्ह हा हरलेला नसतो, तो जवळजवळ त्याच पायरीवर उभा असतो. विजेत्याने त्याच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे परीक्षकाच्या निम्म्या निकालाकडे पाठ फिरवणं.

आणि कुत्रा. जिंकण्याच्या धांदलीत विसरला जातो तो तोच. फोटो, फोन, भेटीगाठी यात अर्धा तास जातो आणि कुत्रा उन्हात धापा टाकत असतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हे फार महाग पडतं. ‘पाच मिनिटं’ म्हणून बंद गाडीत ठेवलेल्या कुत्र्याचा जीव जाऊ शकतो, मग जानेवारी का असेना. ट्रॉफी हातात येण्याआधी पाण्याचं भांडं कुत्र्यासमोर आलेलं असावं.

जगातला सगळ्यांत मोठा शो म्हणजे ब्रिटनमधला क्रफ्ट्स. तिथे २०१५ मध्ये एक स्कॉटिश टेरियर मादी बेस्ट इन शो ठरली. पण लोकांच्या लक्षात तिचं जिंकणं राहिलं नाही. तिच्या हँडलरने तिला शेपटी आणि गळ्याखाली धरून टेबलावरून उचललं होतं, ते टीव्हीवर लाखो लोकांनी पाहिलं. काही जुने हँडलर टेरियरना असं उचलतात. घरी बसलेल्या माणसाला मात्र त्यात फक्त कुत्र्याला लटकवलेलं दिसलं. निषेधाच्या ऑनलाइन अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत एका उचलण्यात झाकली गेली.

तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, तिथेच टीज नावाची व्हिपेट मादी जिंकली. बक्षीस देत असतानाच दोन निदर्शक रिंगमध्ये घुसले. मालकिणीने बाकी काहीही न बघता आधी कुत्रीला उचलून छातीशी धरलं. ते दृश्यही जगभर फिरलं.

संशय शोइतकाच जुना

जिंकणाऱ्याकडे लोक संशयाने का बघतात? त्याची गोष्ट पहिल्याच शोपासून सुरू होते. आधुनिक पद्धतीचा पहिला डॉग शो म्हणून जून १८५९ मधला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा शो धरतात. फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जाती, साठेक कुत्री, आणि बक्षीस म्हणून एका बंदूकवाल्याने दिलेल्या बंदुका. निकाल लागला तो असा : पॉइंटरच्या परीक्षकांपैकी एकाच्या कुत्र्याला सेटरचं बक्षीस, आणि सेटरच्या परीक्षकांपैकी एकाच्या कुत्र्याला पॉइंटरचं. कुत्री कदाचित खरोखरच उत्तम असतील. पण लोक काय बोलले असतील ते ओळखायला इंग्लंडला जायची गरज नाही, आपल्या कुठल्याही गावच्या रांगोळी स्पर्धेत उभं राहिलं तरी पुरे.

पुढे १८७३ मध्ये ब्रिटनचा केनेल क्लब उभा राहिला तो अशा गोंधळाला नियम लावण्यासाठीच. तेव्हापासूनचा अलिखित दंडक असा की, ज्या परीक्षकाकडून कुत्रा विकत घेतला, ज्याच्याशी भागीदारी आहे, ज्याच्याकडे आदल्या आठवड्यात जेवायला होतो, त्याच्यासमोर आपला कुत्रा न्यायचा नाही. एंट्री फी बुडाली तरी चालेल. छोट्या शोमध्ये हे पाळणं अवघड जातं, सगळेच ओळखीचे निघतात, हे खरं. पण असा नंबर मिळवून घरी आणलेला कप कपाटात ठेवला तरी लोकांच्या तोंडात राहतो.

संशय दुसऱ्या बाजूनेही चालतो. २०१५ च्याच क्रफ्ट्सनंतर जॅगर नावाचा आयरिश सेटर बेल्जियमला घरी परतल्यावर मेला. पोटात विष सापडलं. तो आपल्या वर्गात दुसरा आला होता. कोणा प्रतिस्पर्ध्यानेच विष घातलं अशी बातमी जगभर झाली, रिंगमधले लोक एकमेकांकडे चोरून बघू लागले. नंतर तपासणीत दिसलं की ते विष काही तासांतच परिणाम दाखवणारं होतं आणि कुत्रा शोमधून निघून एक दिवसाहून जास्त वेळ गेला होता. म्हणजे विषबाधा झाली ती बेल्जियममध्येच, शोशी तिचा संबंध नव्हता. पण तोवर किती जणांची नावं कुजबुजीत घेतली गेली असतील! विजेत्याने रिंगबाहेर मोकळेपणाने सगळ्यांत मिसळावं, आपला कुत्रा लोकांना बघू द्यावा, हात लावू द्यावा, असं जुने लोक सांगतात ते यासाठीही. लपवाछपवी दिसली की गोष्टी तयार होतात.

कप कोणाचा?

शोमध्ये कुत्रा पळवणारा बऱ्याचदा पगारी किंवा मानधनावरचा हँडलर असतो. मालक दोरीबाहेर असतो. आणि त्या कुत्र्याला जन्माला घालणारा ब्रीडर आणखी कुठे तरी. कॅटलॉगमध्ये तिघांचाही हिशेब असतो : कुत्र्याच्या नावातच ब्रीडरच्या केनेलचं नाव असतं. पण चौकात लागलेल्या फ्लेक्सवर मात्र मालकाचा गॉगल लावलेला फोटो, शेजारी कुत्रा, आणि खाली शुभेच्छुकांची भलीमोठी रांग. आपल्याकडे कुत्र्याच्या वाढदिवसाचेही फ्लेक्स लागतात, त्यामुळे याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही. फक्त ज्याने तीन महिने रोज पहाटे कुत्र्याला पळवलं त्या हँडलरचं नाव त्यात कुठेच नसतं, तेव्हा तो पोरगा पुढच्या मोसमात दुसऱ्याचा कुत्रा धरतो. तक्रार करायला तो येत नाही.

मोबाइलवरचंही तसंच. आपल्या कुत्र्याचा फोटो, परीक्षकाचं नाव, ब्रीडर आणि हँडलरचे आभार, एवढं टाकलं की पुरे. ‘चाळीस कुत्र्यांना लोळवलं’ असं स्टेटस टाकणाऱ्याला स्टँडर्ड म्हणजे काय तेच कळलेलं नसतं. तुलना कागदाशी होती, त्या चाळीस जणांशी नव्हती. हरलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ टाकून त्याची चाल दाखवणं हा तर सरळ पाणउतारा. तो कुत्रा कोणाच्या तरी घरात मुलांबरोबर वाढलेला असतो.

शेवटचा आलेला पोरगा

समजा, विरारचा एखादा पोरगा पहिल्यांदाच शोला आला. पगारातून पैसे साठवून घेतलेला कुत्रा, एंट्री फी भरलेली, गाडीचं भाडं वेगळं. कुत्रा रिंगमध्ये बसकण मारतो, पळायच्या ऐवजी उड्या मारतो. शेवटचा नंबर. पोरगा पट्टा गुंडाळून बाहेर येतो, आईला फोनवर काय सांगायचं याचा विचार करत.

त्या वेळी पहिला आलेला माणूस त्याच्याजवळ गेला आणि ‘कुत्र्याची पाठ चांगली आहे, पण वजन जरा जास्त झालंय, आणि पट्टा एवढा वर ओढू नको’ असं पाच मिनिटं बोलला, तर तो पुढच्या वेळी येतो. कोणीच बोललं नाही तर तो येत नाही. खोटं कौतुकही उपयोगाचं नाही. कुत्र्यात शोच्या दृष्टीने मोठा दोष असेल तर तेही नीट शब्दांत सांगावं, म्हणजे तो दहा शोंचे पैसे घालवणार नाही. घरात प्रेमाने ठेवण्यासाठी त्याच कुत्र्यात काही कमी नसतं, हेही त्याच वाक्यात सांगता येतं. आणि हे सांगायला विजेत्याइतका योग्य माणूस नाही. तिसऱ्या नंबरवाल्याने सांगितलं तर त्यात लोकांना जळफळाट दिसतो.

हे महत्त्वाचं का, तर माणसं गेली की जाती जातात. महाराष्ट्राची स्वतःची म्हणावी अशी जात म्हणजे कारवान. उंच, सडपातळ, ससा धरणारा शिकारी कुत्रा, सोलापूर-सांगली-लातूर भागातला आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातला. त्याच्या नावावरही एकमत नाही : केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. लष्कराने मेरठच्या केंद्रात या जातीला प्रशिक्षण दिलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जाती पाळा असं सांगितल्यावर चौकशा वाढल्या. अनेक शोमध्ये देशी जातींसाठी वेगळं बक्षीस असतं. पण रिंगमध्ये एखाद्या देशी जातीचे दोन-तीनच कुत्रे उभे असतात तेव्हा त्यातला एक जरी मालक वैतागून घरी बसला, तर विजेता कोणाशी जिंकणार? दहा लॅब्रेडॉरमधला एक कमी झाला तर कळत नाही, इथे कळतं.

पिल्लांच्या बाजारात

विजेत्याच्या वागण्याची खरी परीक्षा रिंगपासून लांब, महिन्या-दोन महिन्यांनी येते. नर जिंकला की फोन सुरू होतात : मादी माजावर आली आहे, मेटिंगला आणू का? आणि मग पिल्लांच्या जाहिरातीत ‘चॅम्पियन लाइन’ हे शब्द येतात. वसई-विरारमध्ये पिल्लू घ्यायला निघालेलं कुटुंब हे दोन शब्द वाचून पाच-दहा हजार जास्त द्यायला तयार होतं. त्या शब्दांमागे काय आहे ते फक्त विजेत्याला माहीत असतं.

लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार पिढ्यान् पिढ्या उतरतो. बाहेरून दिसायला कुत्रा देखणा, चालही रुबाबदार, पण एक्स-रेमध्ये सांधा सैल. परीक्षकाकडे एक्स-रे नसतो. तो डोळ्याने आणि हाताने बघतो. म्हणून कप मिळाला याचा अर्थ कुत्रा निरोगी आहे असा होत नाही. विजेत्याने हे मादीच्या मालकाला आपणहून सांगायचं असतं : तपासणी केली आहे, नाही केली, केली तर काय आलं.

याचा सगळ्यांत मोठा स्फोट ब्रिटनमध्ये झाला. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांवर माहितीपट दाखवला. त्यात शोमध्ये मोठा मान मिळवलेल्या एका कॅव्हेलियर जातीच्या कुत्र्याची गोष्ट होती. त्याला मेंदू आणि मज्जारज्जूशी संबंधित आनुवंशिक आजार असल्याचं निदान होऊनही त्याच्याकडून पिल्लं काढली जात होती, असं त्यात दाखवलं. गदारोळ उडाला. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच थांबवलं. केनेल क्लबला सगळ्या जातींची स्टँडर्ड नव्याने तपासावी लागली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये धोक्याच्या यादीतल्या पंधरा जातींच्या विजेत्यांना जातीतला पहिला नंबर मिळाल्यानंतर पशुवैद्याच्या तपासणीला पाठवलं. सहा जण नापास झाले, बुलडॉग आणि पेकिनीजसुद्धा. त्यांना पुढच्या गटस्पर्धेत उतरता आलं नाही. मालक संतापले, रडले. पण नियम काही मागे घेतला नाही.

आपल्याकडे कायदा आहे तो विक्रीच्या बाजूने. श्वान प्रजनन आणि विक्रीबाबत केंद्राचे २०१७ चे नियम सांगतात की, पिल्लं काढून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. एका मादीकडून आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. कप जिंकलेल्याला यातून सूट नाही. उलट लोक त्याच्याकडे बघून शिकतात. जिंकलेली मादी दर माजाला भरवली, तर पुढच्या गल्लीतला हौशी ब्रीडरही तेच करणार. सहा आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून ‘पार्टीला घाई होती’ म्हणणारा विजेता रिंगमध्ये कितीही हात मिळवो.

पिल्लू घेणाऱ्यांसाठी एवढंच : ‘चॅम्पियन लाइन’ असं कोणी म्हटलं तर कोण चॅम्पियन, बाप की पणजोबा, ते विचारावं. पेडिग्रीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. मायक्रोचिपचा नंबर कागदाशी जुळतो का ते बघावं. आईला प्रत्यक्ष बघायला मागावं. सरळ माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, चहा टाकतो.

थांबायचं कधी?

एका मुद्द्यावर मात्र शोच्या जगात एकमत नाही. चॅम्पियन हा किताब एका शोमध्ये मिळत नाही, वेगवेगळ्या परीक्षकांकडून चॅलेंज सर्टिफिकेट मिळवावी लागतात. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या परीक्षकांची तीन लागतात. किताब मिळाल्यावर तोच कुत्रा दर रविवारी त्याच रिंगमध्ये आणायचा की घरी ठेवायचा?

एक बाजू म्हणते, थांबावं. एकच कुत्रा सगळी सर्टिफिकेटं नेत राहिला तर मागच्या तरुण कुत्र्यांना किताब मिळणारच नाही, आणि त्यांचे मालक वैतागून निघून जातील. छोट्या जातीत तर दोन मोसमात रिंग ओस पडेल. दुसरी बाजू म्हणते, चॅम्पियनला हरवून मिळालेल्या सर्टिफिकेटालाच किंमत आहे. तो घरी बसल्यावर मिळालेलं काय कामाचं? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. वसई-विरारसारख्या ठिकाणाहून जाणाऱ्या नव्या लोकांचा विचार केला तर पहिलं म्हणणं जास्त पटतं. मोसमातले दोन-तीन मोठे शो चॅम्पियनने जरूर करावेत, बाकीचे रविवार सोडावेत. कुत्र्यालाही रविवार मिळतो.

आणि थांबलेल्या कुत्र्याला परत यायची एक वाट ठेवलेली असते. बऱ्याच देशांत सात-आठ वर्षांवरच्या कुत्र्यांसाठी व्हेटरन वर्ग असतो. थूथन पांढरं झालेला, मागचे पाय जरा ओढत चालणारा जुना चॅम्पियन रिंगमध्ये येतो. एक फेरी मारायला त्याला दुप्पट वेळ लागतो. एकेकाळी त्याच्याकडून हरलेले मालक दोरीला टेकून उभे असतात, आणि त्याची फेरी संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहतात.